कांगोच्या अरण्यातले नाशिककर

आमच्या शाळेत भूगोलाच्या तासाला आफ्रिकेचा एक जुनाट नकाशा भिंतीवर लटकवला जायचा. त्यावर तांबड्या तुटक रेघा होत्या. ही लिव्हिंग्स्टनची, ही स्टॅन्लीची, ही बर्टन आणि स्पीकची. गुरुजी छडीचं टोक त्या रेघेवरून फिरवत आणि सांगत, 'इथून लिव्हिंग्स्टन एकटा त्या घनदाट अरण्यात शिरला.' त्या 'एकटा' शब्दाची मला भारी भूल पडली होती. डोळ्यांसमोर चित्र उभं राही: डोईवर टोपी, हातात काठी, भोवती काळोख आणि हा एकटाच चाललाय.

पुढे कामाच्या निमित्तानं, कधी कवितेच्या निमित्तानं, नाशिकला जाणं-येणं सुरू झालं. शरणपूर रोडवरून तर किती वेळा गेलो असेन. वर्दळीचा रस्ता. दुकानं, दवाखाने, बँका. हे शरणपूर म्हणजे काय, इथं कोण कुणाला शरण आलं होतं, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नाही. पडला तेव्हा त्याचं उत्तर थेट त्या शाळेतल्या नकाशावर जाऊन पोचलं. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

आधी तो 'एकटा' शब्द निकालात काढू. विषुववृत्ताजवळच्या आफ्रिकेत एकट्यानं प्रवास करणं एकोणिसाव्या शतकात शक्यच नव्हतं. बैल, घोडा, खेचर असं कोणतंही जनावर तिथं टिकायचं नाही, कारण त्सेत्से नावाची माशी. ती चावली की जनावर झिजत जाऊन मरायचं. म्हणून सगळा भार माणसाच्या डोक्यावर. एकेकाला साठ-सत्तर पौंडांचं, म्हणजे सत्तावीस ते बत्तीस किलोंचं ओझं. त्या ओझ्यात काय असायचं? बरंचसं चलनच. रूपया-नाणं तिथं चालत नसे. चालायचं ते कापड, काचेचे मणी आणि पितळेची तार. कापडात अमेरिकेहून येणारं 'मेरिकानी' आणि आपल्याकडून जाणारं निळीत रंगवलेलं 'कनिकी'. वाटेतल्या प्रत्येक मुखियाला त्यातलं वारभर-दोन वार द्यायचं, तेव्हा पुढची वाट आणि धान्य मिळायचं. म्हणजे एका साहेबाला चालायचं तर त्याच्या मागेपुढे शे-दोनशे माणसांचा तांडा हवा. वाटाड्या हवा, दुभाष्या हवा, रांधणाऱ्या बायका हव्यात. तांबडी रेघ एकाची, पावलं शेकडोंची.

त्या शेकडोंमधला एक तर आपल्या मुंबईचंच नाव लावून फिरत होता: सिदी मुबारक बॉम्बे. याओ जमातीचा हा मुलगा बारा वर्षांचा असताना गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पकडला, किल्वाच्या बाजारात कापडाच्या बदल्यात विकला आणि जहाजातून हिंदुस्थानात आणला. वीसेक वर्षं तो इथं राहिला. मालक वारल्यावर मोकळा झाला आणि झांझिबारला परतला. १८५७ साली बर्टन आणि स्पीक नाईलचा उगम शोधायला निघाले, तेव्हा तो त्यांच्याबरोबर होता. दोघेही हिंदुस्थानातल्या कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी. त्यांनी मोहिमेसाठी जहाज धरलं ते मुंबईहून आणि बरोबर दोन गोंयकार नोकरही नेले. स्पीकला स्वाहिली येत नव्हती. मुबारकला इंग्रजी येत नव्हती. मग हे दोघे बोलत कसे? हिंदुस्थानीत. १८५८ मध्ये स्पीक व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी उभा राहिला, तेव्हा त्याच्या आणि त्या मुलखाच्या मधला पूल आपल्या बाजारात बोलली जाणारी भाषा होती. हे मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिलो होतो.

आता शरणपूर. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस या पाद्र्यानं नाशिकच्या वेशीबाहेर ही वस्ती वसवली. त्या काळी इंग्रजांच्या आरमारी नौका अरबी समुद्रात गुलामांनी भरलेली गलबतं पकडत. त्यातून सुटलेली माणसं कुठं ठेवायची हा मोठा प्रश्न होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडली तर पुन्हा पकडली जाणार. म्हणून त्यातली बरीच मुंबईला आणली गेली आणि काही मुलं शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात पोचली. इथं त्यांना लिहा-वाचायला शिकवत. सुतारकी, लोहारकी असे धंदेही शिकवत. बाप्तिस्मा देऊन नवी नावं ठेवत. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, सायमन प्राइस, एडवर्ड गार्डनर. यातलं एकही नाव त्यांच्या आईनं ठेवलेलं नव्हतं. गोदावरीच्या काठी ही मुलं वाढली. त्यांच्या कानावर आपली मराठी पडली नसेल, असं कसं म्हणावं? पुढे पूर्व आफ्रिकेत या सगळ्यांना एकच नाव पडलं, 'बॉम्बे आफ्रिकन'.

आणि लिव्हिंग्स्टन? तो मुंबईला आला १८६४ मध्ये, आणि कसा आला! 'लेडी न्यासा' ही त्याची छोटीशी आगबोट. ती विकायची होती, पण झांझिबारात विकली तर गुलामांचे व्यापारीच घेतील ही भीती. म्हणून पठ्ठ्यानं ती स्वतः चालवत अडीच हजार मैलांचा समुद्र पार करून मुंबईला आणली. पंचेचाळीस दिवस लागले. पावसाळा तोंडावर आला असताना, तेरा जूनला, बोट बंदरात शिरली. इतकी चिमुकली, की बंदरात तिच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. बोटीवर चुमा आणि विकातानी ही दोन पोरं होती. १८६१ मध्ये गुलामांच्या एका तांड्यातून सोडवलेली. त्यांना त्यानं डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत घातलं. सुसी आणि अमोडा हे दोघे मुंबईच्या गोदीत कामाला लागले. लिव्हिंग्स्टन विलायतेला जाऊन पुढच्या वर्षी परत आला, बोट विकली, पैसे एका बँकेत ठेवले आणि ती बँक पुढे बुडाली. कापसाच्या सट्ट्यात मुंबईतल्या भल्याभल्यांचं जे झालं, त्यातलं थोडं या साहेबाच्याही वाट्याला आलं म्हणायचं.

जानेवारी १८६६ मध्ये तो मुंबईहून झांझिबारला निघाला. रोवुमा नदीच्या बाजूनं तो आत शिरला तेव्हा त्याच्याबरोबरची माणसं कोण होती ते पाहा. मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाई, जोहाना बेटावरचे दहा जण, नाशिकच्या शाळेतले नऊ तरुण, शुपांगाचे सुसी आणि अमोडा, आणि चुमा-विकातानी हे दोन याओ. एकूण छत्तीस. शिवाय सहा उंट, तीन म्हशी आणि एक वासरू, दोन खेचरं, चार गाढवं. त्सेत्से माशीपुढे ही जनावरं टिकतात का, हे त्याला पाहायचं होतं. नाही टिकली. शिपायांनी जनावरांचे हाल केले, चालण्यात कुचराई केली, शेवटी त्यांची रवानगी परत झाली. जोहानाचे लोक पळून गेले आणि किनाऱ्यावर जाऊन त्यांनी साहेब मेल्याची बातमी उठवली. विकातानीला वाटेत नात्यातली माणसं भेटली. तो तिथंच राहिला. त्याला मी तरी नावं ठेवणार नाही. आणि १८६७च्या जानेवारीत औषधांची पेटी घेऊन दोन हमाल नाहीसे झाले. पेटीत क्विनाइन होतं. पुढची सहा वर्षं लिव्हिंग्स्टन जो कुढत, झिजत गेला, त्याची सुरुवात त्या दिवशी झाली.

घनदाट अरण्य म्हणतात ते त्याला भेटलं मान्येमात. आजच्या कांगोचा हा पूर्वेकडचा भाग. १८६९ ते १८७१ तो तिथं होता. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना उन्हाच्या बारीक शलाका तेवढ्या खाली उतरायच्या. पाऊस थांबला तरी पानांवरून ठिबकणं थांबायचं नाही. हत्तींच्या पावलांच्या खड्ड्यांत साचलेला चिखल, त्यात माणूस मांडीपर्यंत रुतायचा. १८७०च्या जूनमध्ये तो पुढं निघाला तेव्हा त्याच्याबरोबर फक्त तिघे उरले होते: सुसी, चुमा आणि नाशिकचा गार्डनर. बाकीच्या नाशिककरांनी पुढं यायला नकार दिला होता. रोजनिशीत साहेबानं त्यांच्यावर खूप राग काढला आहे. पण त्यांची बाजू कोण लिहिणार? त्यांना लहानपणी याच मुलखाच्या आसपास पकडलं होतं आणि आता त्याच गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या वाटेनं त्यांना पुन्हा आत न्यायचं चाललं होतं. १८७१च्या सुरुवातीला त्यांच्यातला जेम्स अन्न विकत आणायला जाताना झाडीत दडलेल्या कुणाच्या तरी बाणानं मेला. पायांत व्रण झाल्यामुळे लिव्हिंग्स्टन महिनोन्‌महिने एका झोपडीत पडून होता.

तरीही हे अरण्य ओसाड नव्हतं. लुआलाबा नदीच्या काठी न्यांग्वे इथं दर चौथ्या दिवशी बाजार भरे. आसपासच्या गावांतल्या बाया मासे, कंदमुळं, मडकी, कोंबड्या घेऊन येत. हजारो बाया. गलका, घासाघीस, हसणं. लिव्हिंग्स्टनला हा बाजार फार आवडायचा. १५ जुलै १८७१ रोजी व्यापाऱ्यांच्या बंदूकधाऱ्यांनी त्या बाजारावर गोळ्या झाडल्या. बाया नदीकडे धावल्या, होड्या उलटल्या. तीन-चारशे जीव गेले असं खुद्द व्यापाऱ्यांकडचेच लोक सांगत होते.

लिहायला त्याच्याकडे कागद उरला नव्हता. त्यानं एका जुन्या वर्तमानपत्राच्या छापील मजकुरावर आडव्या ओळी लिहिल्या, रंगाच्या कामाला वापरतात त्या बियांच्या रसाची शाई करून. काळाच्या ओघात ती शाई इतकी उडाली की अक्षर लागेना. २०११ मध्ये वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात त्या पानांची छायाचित्रं घेऊन ती वाचली गेली. तेव्हा लक्षात आलं, की मूळ टिपण आणि नंतर त्यानं नीट उतरवून काढलेली रोजनिशी यांत फरक आहे. त्याच्याच मदतीला धाडलेल्या माणसांनी त्या भागात दांडगाई केल्याच्या नोंदी नंतरच्या प्रतीत बोथट झाल्या आहेत.

इथं मला एक सांगितलं पाहिजे. न्यांग्वेला गोळ्या झाडणारे माझ्याच धर्माचे होते. अरब आणि स्वाहिली व्यापाऱ्यांचे लोक. तो विषय आला की आमच्यातले काही जण अवघडून गप्प होतात, आणि बाहेरचे काही जण तेवढाच विषय काढतात. मला दोन्ही पटत नाही. गोळी झाडणारा हात त्यांचा. त्या व्यापाराला भांडवल पुरवणारे झांझिबारमधले कच्छी-गुजराती सावकार. हिंदूही होते, खोजेही होते. लिव्हिंग्स्टनकडे पाठवलेली माणसंसुद्धा एका बनियाची गुलामं होती. आणि ज्या हस्तिदंतापायी हे सगळं चाललं होतं, तो लंडनला जाई तसा मुंबईच्या बंदरातही उतरे. त्याचे नवरीच्या हातातले चुडे होत आणि विलायतेत पियानोच्या पट्ट्या होत. पियानो वाजवणाऱ्या आणि चुडा भरणाऱ्या बाईला न्यांग्वेच्या बाजारातली बाई कशी दिसणार?

लिव्हिंग्स्टन ज्या न्यांग्वेहून मागं फिरला, तिथूनच स्टॅन्ली १८७६च्या नोव्हेंबरात अरण्यात घुसला. त्याच्याबरोबर टिपू टिप होता, त्या भागातला सर्वांत बलाढ्य व्यापारी. स्टॅन्लीनं ठरावीक मजलांसाठी त्याची सोबत पैसे मोजून ठरवली होती. 'लेडी ॲलिस' नावाची नाव तुकडे करून हमालांच्या डोक्यावर होती. कुऱ्हाडीनं वाट करत, वेलींखालून वाकत ती पुढं न्यायची. थोड्याच दिवसांत टिपू टिपच परत फिरायच्या गोष्टी करू लागला, इतकं ते रान बेक्कार. स्टॅन्ली नदीनं उतरत १८७७ मध्ये समुद्राला पोचला आणि लुआलाबा म्हणजे नाईल नव्हे तर कांगो हे सिद्ध झालं. त्याच्याबरोबर निघालेले तिन्ही गोरे सोबती वाटेत मेले होते. आफ्रिकन किती मेले ते आकडे पुस्तकागणिक बदलतात. हमालांची मोजदाद अशीच ढोबळ राहिली. टिपू टिपनं मात्र पुढं आपली हकिकत स्वाहिलीत सांगून ठेवली. तीत स्टॅन्लीनं दिलेली वचनं आणि न पाळलेली वचनं दोन्ही आहेत.

याच स्टॅन्लीची पुढची मोहीम इतुरीच्या अरण्यातली. १८८७च्या जूनअखेर यांबुयाहून ३८९ माणसं निघाली आणि गवताळ उघडं रान दिसलं ते डिसेंबरात. एकशे साठ दिवस. तोवर निम्म्याहून अधिक माणसं मेली, मागं पडली किंवा पळाली होती. कशानं? श्वापदांनी नव्हे, भुकेनं. तांडा येतोय म्हटल्यावर गावं रिकामी व्हायची. मग तांडा शेतं लुटायचा, आणि मग पुढची गावं आणखी लवकर रिकामी व्हायची. शेतात असायचा तो मॅनिओकचा कंद. आपण उपासाला साबुदाणा खातो तो याच कंदाचा. त्याची कडू जात कितीतरी दिवस पाण्यात भिजवून, कुजवून विष काढून टाकावं लागतं. तिथल्या बायकांना ते ठाऊक होतं. यांबुयाच्या मागं राहिलेल्या छावणीत भुकेले हमाल तो कंद तसाच, अर्धाकच्चा खात होते आणि झुरून मरत होते. त्याच अरण्यात म्बुती लोक पिढ्यान्‌पिढ्या पोराबाळांसह राहत होते. स्टॅन्लीनं १८९० मध्ये पुस्तक काढलं त्याच्या नावातच अंधार आहे. तो अंधार म्बुतींना कधी दिसला होता का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

आता पुन्हा नाशिककरांकडे येतो. १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठी आणखी सहा तरुण नाशिकहून आणलेले होते. ते स्टॅन्लीनं पाठवलेल्या हमालांबरोबर त्याच्याकडे पोचले. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन यांच्यातलेच. बांग्वेउलूच्या दलदलीतून हे लोक त्याला खांद्यावर आणि मग डोलीत वाहून नेत होते. मे १८७३च्या पहिल्या दिवशी पहाटे, चितांबो या मुखियाच्या गावात, तो गुडघ्यावर बसलेल्या अवस्थेत मेलेला आढळला.

यापुढं जे घडलं, त्यात कुणाही साहेबाचा हुकूम नव्हता. त्यांना तिथंच खड्डा करून मोकळं होता आलं असतं. या लोकांनी बैठक घेतली आणि ठरवलं, देह समुद्रापर्यंत न्यायचा. फारिजाला नावाचा एक जण झांझिबारला डॉक्टरकडे काम केलेला होता. त्यानं काळीज आणि आतडी काढून घेतली. ती पत्र्याच्या डब्यात घालून एका झाडाखाली पुरली. जेकबनं इंग्रजी प्रार्थनापुस्तकातला दफनविधी वाचला. देहाला मीठ चोळलं, चौदा दिवस उन्हात वाळवला, कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातला आणि वरून शिडाचं कापड शिवून डांबर फासलं. शरणपूरला शिकलेल्या जेकबनं त्या झाडाच्या बुंध्यावर अक्षरं कोरली: लिव्हिंग्स्टनचं नाव, तारीख, आणि तांड्यातल्या तिघा प्रमुख आफ्रिकनांची नावं. स्वतःचं नाव त्यानं कोरलं नाही. ते झाड कुजू लागल्यावर १८९९ मध्ये तोडून तो कोरलेला भाग लंडनला नेला.

मग चालणं. दीड हजार किलोमीटरांहून अधिक, नऊ महिने. ताबोराला कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, कशाला त्रास, इथंच पुरा. हे ऐकेनात. पुढं एका गावानं प्रेत आपल्या हद्दीतून जाऊ द्यायला नकार दिला. तेव्हा यांनी काटक्यांचं एक खोटं प्रेत बांधलं, ते परत पाठवल्याचं नाटक केलं आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून त्या गावातून नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर त्यांनी तो इंग्रजांच्या हवाली केला. पगार देऊन त्यांना वाटेला लावण्यात आलं. जहाजावर फक्त जेकबला जागा मिळाली, तीही मिशनच्या खर्चानं. लंडनमध्ये डाव्या दंडाचं मोडलेलं हाड पाहून ओळख पटवली गेली. सिंहानं चावल्यामुळे ते मोडलं होतं. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या गोंड्याला हात लावणाऱ्या मान्यवरांत नाशिकचा जेकब होता.

सुसी आणि चुमा दफनानंतर पोचले. त्यांना लिव्हिंग्स्टनच्या एका मित्रानं नेलं. त्यांनी रोजनिशीच्या संपादनाला महिनोन्‌महिने मदत केली. कुठला डोंगर कुठं, कुठली नदी कधी ओलांडली, सगळं त्यांच्या डोक्यात. पुस्तकावर नाव संपादकाचं आलं. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं तांड्यातल्या साठ जणांसाठी पदकं पाडली. ती पोचेपर्यंत तांडा पांगला होता, बहुतेकांना ती मिळालीच नाहीत. चुमा १८८२ मध्ये क्षयानं गेला, सुसी १८९१ मध्ये. दोघेही झांझिबारला.

शरणपूरच्या मुलांना १८७५च्या सुमारास मोंबासाजवळच्या फ्रियर टाउनमध्ये हलवण्यात आलं. मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावानं वसवलेली ती वस्ती. वसवणारे पुन्हा तेच प्राइस. देह वाहून आणणाऱ्यांतला मॅथ्यू वेलिंग्टन पुढं मोंबासातच स्थायिक झाला. म्हातारपणी लोक त्याला भेटायला येत आणि लिव्हिंग्स्टनबद्दल विचारत. तो १९३५ साली वारला. शरणपूरचा आश्रम बंद होऊन तेव्हा साठेक वर्षं झाली होती.